लिंगोची गाथा आणि पाद्री हिस्लॉप

नागपूर शहर कोणी वसविले, असे विचारले तर पुष्कळ लोक भोसल्यांचे नाव घेतात. वस्तुतः या नगराचा पाया घातला तो देवगडच्या गोंड राजाने. बख्त बुलंद शाह हे त्याचे नाव. इ. स. १७०२ च्या सुमारास नाग नदीच्या काठची लहान लहान खेडी एकत्र जोडून त्याने हे नगर वसविले. त्याचा पुत्र चांद सुलतान याने देवगडची राजधानी येथे आणली, नगराभोवती तट उभारला आणि लोकांना पाणी मिळावे म्हणून तलाव बांधविला. इ. स. १७३९ मध्ये चांद सुलतान मरण पावला आणि त्याच्या वारसांत कलह माजला. तो मिटविण्यासाठी ज्यांना बोलावणे गेले, ते रघूजी भोसलेच पुढे राज्याचे धनी झाले. गोंड राजा नागपुरातच राहिला. पण तो नावाचा राजा राहिला.

ज्या लोकांच्या राजाने हे नगर वसविले, ते गोंड लोक मात्र बहुसंख्येने नगरात नव्हते. सातपुड्याच्या डोंगरांत, वैनगंगेच्या खोऱ्यात, चांद्याच्या घनदाट अरण्यात त्यांची वस्ती होती. ते शेती करीत, मोहाची फुले, चारोळी, मध, डिंक आणि कंदमुळे गोळा करीत, बांबूची घरे बांधीत. त्यांची भाषा गोंडी. ती मराठीची बोली नव्हे. ती तेलुगू आणि तमिळ यांच्या कुळातील, म्हणजे द्राविडी कुळातील स्वतंत्र भाषा आहे. या भाषेत ग्रंथ लिहून ठेवण्याची प्रथा फारशी नव्हती. मग या लोकांचा इतिहास कोठे होता? तो प्रधानांच्या कंठात होता. प्रधान म्हणजे गोंडांचे परंपरागत गायक. किंगरीसारखे तंतुवाद्य घेऊन ते आपल्या यजमानांच्या घरी जात आणि देवांच्या, कुळांच्या व राजांच्या कथा रात्र-रात्र गात. लग्नात, मर्तिकात आणि सणासुदीला त्यांच्यावाचून गोंडांचे पान हलत नसे. प्रधान हेच गोंडांचे ग्रंथालय होते, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

अशा या मुलुखात एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी जवळजवळ बरोबरच आल्या. एक होती ख्रिस्ती मिशनऱ्यांची शाळा. दुसरी होती इंग्रजांची सत्ता. या दोहोंनी गोंडांना काय दिले आणि त्यांच्यापासून काय घेतले, हे आपण या पाठात पाहू.

इ. स. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांच्या सैन्याचा कंपनीच्या फौजेने पराभव केला आणि नागपूरच्या राज्याची सूत्रे इंग्रज रेसिडेंटाच्या हाती गेली. योगायोग असा, की त्याच वर्षी, ८ सप्टेंबर १८१७ रोजी, दूर स्कॉटलंडमधील डन्स या गावी एक मुलगा जन्माला आला. स्टीफन हिस्लॉप हे त्याचे नाव. हा मुलगा लहानपणापासून दगडधोंडे, कीटक आणि वनस्पती यांच्या नादी लागलेला होता. पुढे तो धर्मोपदेशक झाला आणि एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने दिलेल्या देणगीतून नागपुरास जे मिशन काढावयाचे ठरले, त्यासाठी त्याची निवड झाली. इ. स. १८४५ च्या प्रारंभी हिस्लॉप नागपुरास पोहोचले.

या प्रदेशात येणारे ते पहिलेच मिशनरी नव्हते. त्यापूर्वी थोड्याच वर्षांमागे जर्मनीहून आलेल्या काही मिशनऱ्यांनी मंडला भागातील करंजिया या गावी गोंडांमध्ये वस्ती केली होती. परंतु पहिल्याच पावसाळ्यात पटकीची साथ आली आणि त्यांतील बहुतेकांना त्या मातीतच चिरनिद्रा घ्यावी लागली. हिस्लॉप यांनी मात्र नागपुरात जम बसविला. ते मराठी शिकले. इ. स. १८४६ मध्ये त्यांनी शहरात शाळा उघडली. तेथे मराठी, इंग्रजी, गणित, भूगोल हे विषय शिकविले जात. त्याबरोबर बायबलही शिकविले जाई. मुलांना शिक्षण द्यावे आणि त्यातून त्यांनी ख्रिस्ती धर्माकडे वळावे, हा मिशनचा उद्देश होता आणि तो उघड होता. आपला मुलगा शिकावा असे पालकांना वाटे. पण तो आपल्या घरच्या देवांना पारखा होईल की काय, ही धास्तीही वाटे. शाळेच्या उंबरठ्यावर आशा आणि भीती अशा दोघी एकदमच उभ्या असत.

हिस्लॉप हे केवळ उपदेशक नव्हते. हिवाळ्यात शाळेला सुटी लागली म्हणजे ते बैलगाडीने किंवा घोड्यावरून खेडोपाडी फिरत. वाटेत उपदेश करीत, तशीच खडकांची पाहणीही करीत. नागपूरजवळील टाकळी येथे त्यांना दगडात रूपांतर झालेले प्राचीन जीवांचे व वनस्पतींचे अवशेष सापडले. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर प्रदेशाच्या भूस्तरांवर लिहिलेला निबंध इ. स. १८५५ मध्ये लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज ‘हिस्लोपाइट’ नावाचे एक खनिज आहे, ‘हिस्लोपिया’ नावाची सूक्ष्म जलचरांची एक प्रजाती आहे. ही नावे त्यांच्यावरूनच पडली आहेत.

या भ्रमंतीतच त्यांची गोंडांशी ओळख झाली. ते गोंडी शब्द टिपून घेऊ लागले. ‘पाणी’, ‘हात’, ‘झाड’ यांना गोंडीत काय म्हणतात, कोरकूंच्या भाषेत काय म्हणतात, असे कोष्टक त्यांनी तयार केले. त्यांच्या चालीरीती, त्यांचे देव, त्यांची कुळे यांविषयी ते विचारपूस करीत. एकदा एका प्रधानाच्या मुखातून त्यांना एक प्रदीर्घ गाथा मिळाली. ती होती लिंगोची गाथा. हजाराच्या आसपास ओळींचे ते काव्य शब्दशः उतरवून घेण्यात आले.

त्या गाथेतील कथा थोडक्यात अशी आहे. गोंड लोक पृथ्वीवर जन्मास आले. पण महादेवाने त्यांना एका गुहेत कोंडून ठेवले आणि गुहेच्या तोंडाशी प्रचंड शिळा लावली. चौघे भाऊ तेवढे निसटले आणि रानावनात भटकू लागले. इकडे एका फुलातून लिंगो जन्माला आला. तो या चौघांना भेटला. रान साफ करून भात कसा पेरावा, हे त्याने त्यांना शिकविले. अन्न शिजविण्यास विस्तव हवा होता. तो एका राक्षसाच्या शेतात होता. लिंगोने आपल्या वाद्याची तार छेडली. तिचा नाद ऐकून तो म्हातारा राक्षस सारे भान विसरून नाचू लागला आणि त्याचे वैर विरघळून गेले. पुढे त्या भावांनीच खोट्या आळाला भुलून लिंगोचा वध केला. परंतु लिंगो पुन्हा जिवंत झाला, आणि मनात आकस न धरता गुहेतील आपल्या बांधवांना सोडविण्यास निघाला. एका अजस्र सर्पाला मारून त्याने बिंदो पक्ष्याची पिले वाचविली, ती महादेवास नेऊन दिली आणि मोबदल्यात गोंडांची सुटका करून घेतली. मग त्याने त्यांची कुळे लावून दिली, त्यांना देवपूजा शिकविली, आणि एकोप्याने राहण्यास सांगून तो दिसेनासा झाला.

मुलांनो, या कथेकडे जरा लक्षपूर्वक पाहा. शेती कशी सुरू झाली, अग्नी कसा मिळाला, समाजाची घडी कशी बसली, हे सारे तिच्यात आले आहे. आणि या कथेचा नायक राक्षसाला शस्त्राने जिंकीत नाही, तर संगीताने जिंकतो. अशी कथा रचणारे लोक ‘रानटी’ कसे असतील? तरीही त्या काळचे कित्येक इंग्रज अधिकारी आणि धर्मोपदेशक त्यांना याच शब्दाने ओळखीत. आणि गावोगावचे आपले शिकलेसवरलेले लोकही त्यांत मागे नव्हते.

४ सप्टेंबर १८६३ हा दिवस. मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहण्यास गेले होते. मोठमोठे दगड वर्तुळाकार मांडून केलेली ती प्राचीन दफनस्थाने अडीच हजार वर्षांहून जुनी आहेत, असे आता पुरातत्त्वज्ञ सांगतात. टेंपल पुढे बोरीच्या मुक्कामी गेले. हिस्लॉप गावची शाळा तपासण्यासाठी मागे राहिले. सायंकाळी ते एकटेच घोड्यावरून निघाले. वाटेतल्या ओढ्याला पूर आला होता. रात्री मुक्कामावर घोडा आला. पण त्याच्या पाठीवर स्वार नव्हता. शोध घेता हिस्लॉप यांचा देह पाण्यात सापडला. वयाची ४६ वर्षे पुरी होण्यास अवघे चार दिवस उरले होते.

हिस्लॉप यांच्या मागे राहिलेले गोंडांविषयीचे कागद टेंपल यांनी इ. स. १८६६ मध्ये छापून प्रसिद्ध केले. त्यात लिंगोची गाथा मूळ गोंडीत, रोमन लिपीत, इंग्रजी भाषांतरासह छापली आहे. गोंडांची एवढी मोठी गाथा मूळ शब्दांत छापून निघण्याची ही पहिली वेळ होती. पुढे इ. स. १८८३ मध्ये नागपुरात महाविद्यालय निघाले, त्यास हिस्लॉप यांचेच नाव देण्यात आले. स्कॉटिश मिशनने स्त्रियांसाठी इ. स. १८९६ मध्ये म्यूर मेमोरियल रुग्णालयही काढले. इ. स. १८९० मध्ये विल्यमसन या मिशनऱ्याने गोंडीचे व्याकरण छापले. हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु नाण्याला दुसरी बाजू असते. आणि ती पाहिल्यावाचून नाण्याची खरी किंमत कळत नाही.

ज्या काळात हिस्लॉप गोंडी शब्द टिपून घेत होते, त्याच काळात गोंडांच्या पायाखालची जमीन सरकत होती. इ. स. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी लॉर्ड डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. इ. स. १८५८ मध्ये चांद्याच्या जमीनदारीत बाबूराव शेडमाके या तरुण गोंड जमीनदाराने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. त्याच्या भोवती गोंडांची फौज जमली. अखेर तो पकडला गेला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास त्याला फाशी देण्यात आले. तेव्हा तो पुरा सव्वीस वर्षांचाही नव्हता.

इ. स. १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली. मग जमिनीची मोजणी सुरू झाली. गावांचा सारा गोळा करणारे मालगुजार कागदोपत्री गावांचे मालक ठरले. ज्याच्याजवळ कागद, त्याची जमीन! गोंडाजवळ कागद नव्हता. त्याच्याजवळ होती ती पूर्वजांची वहिवाट आणि प्रधानाच्या मुखातील वंशावळ. कचेरीत गाणे हा पुरावा होत नाही.

यापुढे अरण्यांची पाळी आली. इ. स. १८६५ मध्ये आणि पुन्हा इ. स. १८७८ मध्ये सरकारने वनांचे कायदे केले. मोठमोठी जंगले राखीव झाली. इ. स. १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी नागपुरास येऊन पोहोचली. लोहमार्गाला सागाच्या आणि सालाच्या लाकडाचे स्लीपर हवे होते. त्यामुळे झाडाला मोल आले आणि झाडाखालच्या माणसाचे मोल उतरले. कालपर्यंत जो गोंड रानातून लाकूडफाटा आणीत होता, तो आज त्याच कामासाठी गुन्हेगार ठरू लागला. जंगल तोडून, राब जाळून फिरती शेती करण्याची जी पद्धत होती, तिच्यावर बंदी आली. गोंडांचे शेजारी बैगा लोक या शेतीला ‘बेवर’ म्हणत. नांगराने धरणीमातेची छाती फाडू नये, अशी त्यांची श्रद्धा. त्यांना मंडल्याच्या एका ठराविक टापूपुरतीच ही शेती करण्याची मुभा उरली. मोहाच्या फुलांची दारू घरी गाळणे हाही अपराध झाला. जंगलखात्याच्या गावात राहावयाचे, तर खात्याच्या कामाला हजर राहणे भाग पडले.

आता एक विलक्षण गोष्ट पाहा. लिंगोच्या गाथेवर लुब्ध झालेला आणखी एक इंग्रज होता. त्याचे नाव जेम्स फॉर्सिथ. तो मध्यप्रांताच्या वनखात्यात काम केलेला अधिकारी. त्याने आपल्या १८७१ च्या पुस्तकात ही गाथा इंग्रजी पद्यात आणली. पण ती गोंडांच्या चालीवर नव्हे, तर लाँगफेलो या अमेरिकन कवीच्या ‘हायवाथा’ या काव्याच्या चालीवर! ‘हायवाथा’ हे काव्य अमेरिकेतील आदिवासी वीरावर रचलेले आहे. एका खंडातील आदिवासींचे गाणे दुसऱ्या खंडातील आदिवासींच्या नावावर रचलेल्या चालीत बसविले गेले, आणि ज्यांची ही गाणी, त्या दोघांचीही रानेवने त्याच काळात त्यांच्या हातून जात होती. गाणे गोड वाटावे आणि गाणाऱ्याचे दुःख दिसू नये, हा मनुष्यस्वभावाचा एक मोठाच दोष म्हटला पाहिजे.

मग यात मिशनऱ्यांचा वाटा कोणता? जंगलाचे कायदे त्यांनी केले नाहीत; जमिनीची मोजणीही त्यांनी केली नाही. तथापि त्यांच्या शाळा आणि कचेऱ्या एकाच राजवटीच्या छायेत उभ्या होत्या. त्यांच्यातील पुष्कळांना गोंडांच्या देवदेवता म्हणजे अज्ञानाचा अंधार वाटे. ज्या मुलाला पहिल्या दिवसापासून ‘तुझ्या आजोबांचे देव खोटे, तुझी भाषा गावंढळ’ असे ऐकावे लागते, तो मुलगा अक्षरे शिकतो. पण आपल्या घराविषयी मनात लाज घेऊनच शिकतो. ही लाज साऱ्याने किंवा दंडाने होणाऱ्या हानीहून कमी नाही. कारण गेलेली जमीन पुन्हा मिळू शकते. पण शेवटचा गायक गाणे न शिकविता मरण पावला, तर ते गाणे कोठून आणणार?

हा अनुभव एकट्या गोंडांचा नाही. गोव्यात इ. स. १५१० मध्ये पोर्तुगीज आले. तेथे टॉमस स्टीफन्स या पाद्र्याने इ. स. १६१६ मध्ये मराठीत ‘क्रिस्तपुराण’ छापले आणि कोकणी भाषेचे व्याकरणही रचले. त्याच गोव्यात इ. स. १६८४ मध्ये सरकारी फर्मान निघून कोकणी बोलण्यावर बंदी आली. कॅनडात आदिवासी मुलांना आईबापांपासून दूर, बहुधा चर्चने चालविलेल्या निवासी शाळांत ठेवीत आणि त्यांना आपली भाषा बोलू देत नसत. त्यांतील शेवटच्या शाळा इ. स. १९९० नंतरच्या दशकात बंद झाल्या. इ. स. २००८ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल संसदेत क्षमा मागितली, इ. स. २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्या देशात जाऊन क्षमा मागितली. उलट, स्पेनच्या सैनिकांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा जो छळ मांडला, त्याविरुद्ध सोळाव्या शतकातच आवाज उठविणारा बार्तोलोमे दे लास कासास हाही ख्रिस्ती धर्मोपदेशकच होता. तात्पर्य, केवळ झग्यावरून माणसाची पारख करू नये.

आपल्याकडेही असा एक माणूस होऊन गेला. व्हेरिअर एल्विन हा इंग्रज तरुण इ. स. १९२७ मध्ये धर्मकार्यासाठी पुण्यास आला. महात्मा गांधींच्या सहवासाने त्याची दृष्टी बदलली. इ. स. १९३२ मध्ये शामराव हिवाळे या आपल्या मित्राला बरोबर घेऊन तो करंजियास गेला. होय, तेच करंजिया, जेथे जर्मन मिशनऱ्यांचा अंत झाला होता! नागपूरच्या बिशपांशी त्याचे पटेना. लोकांना औषध द्यावे, शिकवावे, पण त्यांचा धर्म बदलण्याच्या खटपटीत पडू नये, असे त्याचे मत झाले, आणि इ. स. १९३५ मध्ये त्याने धर्मोपदेशकाचे पद सोडले. एल्विन आणि शामराव यांनी गोंड-बैगांची शेकडो गाणी जमा केली. शामरावांनी तर प्रधानांवरच एक ग्रंथ लिहिला, तो इ. स. १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. बैगांचे बेवर बंद केल्याने त्यांचे काय झाले, हे एल्विन यांनी जगापुढे मांडले. इ. स. १९५४ मध्ये ते भारताचे नागरिक झाले आणि इ. स. १९६४ मध्ये येथेच वारले. शिकविण्यास आलेला माणूस शिकून गेला, असे त्यांच्याविषयी म्हणता येईल.

परंतु दुसऱ्याने आपली कथा सांगावी, याहून आपण ती स्वतः सांगावी, हे केव्हाही श्रेष्ठ. रामटेक तालुक्यात जन्मलेले मोतीरावण कंगाली हे नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करीत. फावल्या वेळात ते गोंडांच्या गावोगावी फिरत, वृद्धांना विचारीत, गोंडी भाषेचा आणि तिच्या लिपीचा अभ्यास करीत. ‘पारी कुपार लिंगो’ या नावाने लिंगोचे चरित्र आणि तत्त्वज्ञान त्यांनी ग्रंथरूपाने मांडले. हिस्लॉप यांच्या कागदांतील लिंगो आणि गोंडांच्या स्वतःच्या परंपरेतील लिंगो यांत अंतर आहे, हे त्यांच्या लेखनावरून ध्यानात येते. इ. स. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगड नावाची विशाल गुहा आहे. लिंगोने आपल्या लोकांना जेथून सोडविले ती गुहा हीच, अशी गोंडांची श्रद्धा आहे. दर माघ पौर्णिमेस तेथे अनेक राज्यांतून हजारो गोंड स्त्रीपुरुष जमतात. छापील पुस्तकातील गाथा तेथे पुन्हा माणसांच्या कंठात येते.

अरण्याच्या बाबतीतही काळ थोडा पालटला आहे. वनात राहणाऱ्या आदिवासींवर इतिहासकाळात अन्याय झाला, हे भारताच्या संसदेने इ. स. २००६ च्या वनहक्क कायद्यात स्वच्छ शब्दांत मान्य केले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाने इ. स. २००९ मध्ये आपल्या सभोवारच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा. तेथे निर्णय बहुमताने होत नाही. सर्वांचे एकमत होईपर्यंत ग्रामसभा चर्चा करते. इ. स. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही गावाकडे आला. ज्या बांबूसाठी आजोबांना दंड भरावा लागे, त्याचा हिशेब आता नातू ग्रामसभेत वाचून दाखवितो.

भाषेचे काय? इ. स. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख लोक भारतात आहेत. ते महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा अनेक राज्यांत विखुरलेले आहेत. ज्या राज्यात मूल जन्मते, त्या राज्याची भाषा त्याला शाळेत शिकावी लागते. पण आजीची भाषा फारच थोड्या शाळांत आढळते. येथे दोष कोणा परकीय पाद्र्याचा किंवा परकीय सरकारचा नाही. येथे आपल्यालाच उत्तर द्यावयाचे आहे. कदाचित तुमच्या वर्गातही एखादा मुलगा किंवा मुलगी घरी गोंडी, कोरकू, माडिया किंवा कोलामी बोलत असेल. त्याच्या उच्चाराला हसणारा मुलगा आणि दीडशे वर्षांपूर्वी ‘रानटी’ म्हणणारा अधिकारी, या दोघांत अंतर ते किती?

एका प्रधानाने गाइले आणि एका पाद्र्याने लिहून घेतले. म्हणून लिंगोची गाथा ग्रंथात राहिली. ज्याने लिहिले त्याचे नाव महाविद्यालयावर कोरले आहे. ते योग्यच झाले. पण ज्याने गाइले, त्याचेही स्मरण आपण ठेवले पाहिजे. ज्ञान देणाऱ्याचा आदर करावा, परंतु ज्ञान देताना त्याने काय हिरावून घेतले, हेही विसरू नये. आणि हिरावलेले परत करण्याची वेळ आपल्यावर आली म्हणजे मागे सरू नये. राक्षसाला संगीताने जिंकणाऱ्या लिंगोने आपल्याला घात करणाऱ्या भावांचाही सूड घेतला नाही. मात्र गुहेच्या तोंडची शिळा दूर झाल्यावाचून तो स्वस्थ बसला नाही.

स्वाध्याय

१. नागपूर शहर कोणी व केव्हा वसविले? तेथील सत्ता भोसल्यांच्या हाती कशी गेली?

२. ‘प्रधान हेच गोंडांचे ग्रंथालय होते,’ असे लेखकाने का म्हटले आहे?

३. हिस्लॉप यांनी केलेली कोणतीही तीन कार्ये सांगा.

४. ‘कचेरीत गाणे हा पुरावा होत नाही,’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

५. आगगाडी आल्यामुळे अरण्यात राहणाऱ्या लोकांच्या जीवनावर कोणता परिणाम झाला?

६. हिस्लॉप आणि एल्विन यांच्या कार्यात साम्य कोणते व भेद कोणता, ते आठ-दहा ओळींत लिहा.

७. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा : जम बसविणे, पान न हलणे, शस्त्र उचलणे, पायाखालची जमीन सरकणे.

८. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा : कृतघ्न, परकीय, एकमत, प्राचीन.

९. तुमच्या घरातील किंवा गावातील वृद्ध माणसाकडून एक जुनी कथा ऐका. ती त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. शेवटी सांगणाऱ्याचे नाव लिहावयास विसरू नका.